आकाशगंगेचे घटक

सूर्य व त्याची ग्रहमाला ज्या दीर्घिकेत (तारे, वायू, धूळ इत्यादींच्या गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेलेल्या प्रचंड समूहात) आहे, तिला आकाशगंगा म्हणतात. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री क्षितिजाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जो फिकट पांढरट पट्टा दिसतो, त्यालाही मराठीत हेच नाव आहे आणि ते यथार्थ आहे. कारण हा पट्टा म्हणजे त्याच दीर्घिकेच्या चपट्या तबकडीचे, तबकडीच्या आतूनच घडणारे दर्शन होय. संस्कृत वाङ्‌मयात या पट्ट्यास मंदाकिनी, स्वर्गंगा अशी नावे आढळतात. धनू व वृश्चिक या राशींकडील त्याचा भाग सर्वांत रुंद व तेजस्वी आहे. महाराष्ट्रातून हा भाग मध्यरात्रीच्या सुमारास उंच आलेला दिसतो तो नेमका पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळ्यात. म्हणून तो पाहू इच्छिणाऱ्याने चैत्र-वैशाखातील पहाट किंवा आश्विनातील सूर्यास्तानंतरचे पहिले दोन तास निवडावेत. शहरांतील दिव्यांच्या उजेडात तो आता मुळीच दिसत नाही.

आकाशगंगा कशाची बनलेली आहे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या चारशे वर्षांत मुख्यतः तीन टप्प्यांनी मिळत गेले. गॅलिलीओ यांनी १६०९-१० मध्ये दूरदर्शक या पट्ट्याकडे वळविला, तेव्हा तो असंख्य अंधुक ताऱ्यांचा बनलेला असल्याचे त्यांना दिसले. त्यानंतर सु. तीनशे वर्षे ‘तारे’ हेच पुरेसे उत्तर समजले जात होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ताऱ्यांमधील अवकाश रिकामे नसून त्यात वायू व धूळ आहे, हे सिद्ध झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात तारे, वायू व धूळ या सर्वांचे मिळून होणारे द्रव्यमान आकाशगंगेच्या एकूण द्रव्यमानाचा लहानसा भाग आहे आणि उरलेला मोठा भाग कोणत्याही प्रकारचा प्रकाश देत नाही व अडवीतही नाही, असा निष्कर्ष बहुतेक ज्योतिर्विदांना स्वीकारावा लागला. प्रत्येक टप्प्यावर नवा घटक प्रथम दिसला तो कोणत्या तरी मापनातील न जुळणाऱ्या आकड्याच्या रूपाने.

आकाशगंगेचा आकार मध्यभागी फुगीर असलेल्या तबकडीसारखा आहे. तबकडीचा व्यास सु. १,००,००० प्रकाशवर्षे असून जाडी त्या मानाने फारच थोडी, एक-दोन हजार प्रकाशवर्षे इतकी आहे. मध्याचा फुगवटा पूर्ण गोल नसून लांबट दांड्यासारखा आहे व त्याच्या टोकांकडून सर्पिल भुजा निघतात. सूर्य केंद्रापासून सु. २६,७०० प्रकाशवर्षांवर, तबकडीच्या मध्य प्रतलाजवळ आहे. तो दर सेकंदास सु. २३० किमी. वेगाने केंद्राभोवती फिरतो व त्याला एका प्रदक्षिणेस सु. २२ कोटी वर्षे लागतात. तबकडीभोवती विरळ ताऱ्यांचे व गोलाकार तारकागुच्छांचे एक विस्तीर्ण प्रभामंडल आहे.

तारे : आकाशगंगेतील ताऱ्यांची संख्या १०,००० कोटी ते ४०,००० कोटी यांच्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे. हा अंदाज इतका सैल असण्याचे कारण बहुसंख्य तारे अत्यंत मंद आहेत, हे होय. नुसत्या डोळ्यांनी संपूर्ण खगोलावर दिसणारे सु. ६,००० तारे बव्हंशी सूर्याहून पुष्कळ तेजस्वी आहेत. त्यांच्यावरून आकाशगंगेतील सामान्य ताऱ्याची कल्पना करणे म्हणजे गावातील चार वाड्यांवरून साऱ्या गावाच्या घरांची कल्पना करण्यासारखे आहे. प्रत्यक्षात दर चार ताऱ्यांपैकी सु. तीन तारे तांबडे लघुतारे असून त्यांपैकी एकही दूरदर्शकावाचून दिसत नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा सेंटॉरी हा केवळ ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. पण त्याचा दृश्य प्रकाश सूर्याच्या सु. वीस हजारांश असल्यामुळे त्याचा शोध १९१५ मध्ये लागला. याउलट तबकडीच्या प्रकाशाचा मोठा भाग संख्येने नगण्य अशा निळ्या व तांबड्या महाकाय ताऱ्यांपासून येतो. म्हणजे प्रकाश एका प्रकारच्या ताऱ्यांचा व द्रव्यमान दुसऱ्या प्रकारच्या ताऱ्यांचे, अशी स्थिती आहे. सर्व ताऱ्यांचे मिळून द्रव्यमान सूर्याच्या सु. ५,००० कोटी पट भरते.

तारे कशाचे बनलेले आहेत, हे कळण्यास आधुनिक काळातही बराच अवधी लागला. ताऱ्यांच्या वर्णपटांत लोह, कॅल्शियम इ. धातूंच्या रेषा ठळक दिसतात. म्हणून ताऱ्यांचे व पृथ्वीचे रासायनिक संघटन सारखेच असावे, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मानले जात होते. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये तापमान व दाब यांनुसार अणूंचे आयनीभवन (अणूतून इलेक्ट्रॉन निघून जाणे) किती होईल, हे सांगणारे समीकरण मांडले. वर्णपटातील रेषेचा ठळकपणा हा मूलद्रव्याच्या प्रमाणावर जितका, तितकाच किंवा त्याहून अधिक तापमानावर अवलंबून असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. या समीकरणाचा उपयोग करून सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये हार्व्हर्ड वेधशाळेत केलेल्या प्रबंधात ताऱ्यांमध्ये हायड्रोजन व हीलियम यांचे प्रमाण इतर सर्व मूलद्रव्यांपेक्षा प्रचंड असल्याचे दाखविले. त्या काळचे अग्रगण्य ज्योतिर्विद हेन्री नॉरिस रसेल यांना हा निष्कर्ष अशक्य वाटला व त्यांच्या सल्ल्यावरून पेन यांनी आपल्याच प्रबंधात तो बहुधा खरा नसावा, असे लिहिले. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाप्रत आले. ताऱ्यांच्या द्रव्यात वजनाने सु. ७० ते ७५ टक्के हायड्रोजन, सु. २५ टक्के हीलियम आणि इतर सर्व मूलद्रव्ये मिळून एक ते दोन टक्के, हे प्रमाण आता सर्वमान्य आहे. पृथ्वी, खडक, पाणी व सजीव सृष्टी यांचा बहुतांश भाग या शेवटच्या एक-दोन टक्क्यांतून आलेला आहे.

हे प्रमाण सर्व ताऱ्यांत सारखे मात्र नसते. वॉल्टर बाडे हे जन्माने जर्मन असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांना युद्धविषयक संशोधनात घेतले गेले नाही. त्यामुळे मौंट विल्सन येथील २५४ सेंमी. व्यासाचा दूरदर्शक त्यांना वेधासाठी भरपूर वेळ मिळाला, आणि लॉस अँजेल्स शहरातील युद्धकालीन अंधारामुळे आकाशही काळेभोर मिळाले. देवयानी दीर्घिकेच्या छायाचित्रांवरून त्यांनी १९४४ मध्ये ताऱ्यांचे दोन गण पाडले. पहिल्या गणातील तारे तबकडीत असतात, त्यांत जड मूलद्रव्ये तुलनेने अधिक असतात आणि त्यांत नवे निळे तारेही आढळतात. दुसऱ्या गणातील तारे जुने, तांबूस व जड मूलद्रव्यांच्या बाबतीत दरिद्री असून ते प्रभामंडलात व गोलाकार तारकागुच्छांत असतात. आकाशगंगेत असे सु. १५० हून अधिक गोलाकार गुच्छ ज्ञात आहेत [→ तारकागुच्छ]. प्रभामंडलातील पुष्कळ तारे मूळचे आकाशगंगेतील नव्हेत, ही गोष्ट अलीकडे कळली आहे. यूरोपीय अवकाश संस्थेच्या गैया या उपग्रहाने मोजलेल्या गतींवरून २०१८ मध्ये असे दिसून आले की, सु. १,००० कोटी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आकाशगंगेत विलीन झाली व तिचे तारे अजूनही आपल्या वेगळ्या कक्षांत फिरत आहेत. धनू राशीतील एक लघुदीर्घिका आजही अशीच विस्कटून मिसळत असून तिचा शोध १९९४ मध्ये लागला.

आयुष्य संपलेले तारेही घटकांच्या हिशेबात धरावे लागतात. सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवट श्वेत लघुताऱ्यात होतो. त्याचे द्रव्यमान सूर्याच्या सु. १.४ पटीपेक्षा अधिक असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३०–३५ या काळात दाखविले. त्याहून जड अवशेषांपासून न्यूट्रॉन तारे व कृष्ण विवरे होतात. ३,००० हून अधिक न्यूट्रॉन तारे त्यांच्या रेडिओ स्पंदांवरून माहीत झाले आहेत. आकाशगंगेतील त्यांची खरी संख्या याहून कितीतरी पटींनी अधिक असावी. शांत कृष्ण विवर सापडणे फार कठीण असते. गरुड तारकासमूहात सु. २,००० प्रकाशवर्षांवर असलेले व सूर्याच्या ३३ पट द्रव्यमानाचे एक विवर २०२४ मध्ये उघडकीस आले, तेही केवळ त्याच्याभोवती फिरणाऱ्या सोबतच्या ताऱ्याच्या हेलकाव्यावरून. आकाशगंगेच्या केंद्रस्थानी सूर्याच्या सु. ४३ लाख पट द्रव्यमानाचे कृष्ण विवर आहे. त्याभोवतीच्या ताऱ्यांच्या कक्षा मोजल्याबद्दल राइनहार्ट गेंझेल व अँड्रिया गेझ यांना २०२० च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला आणि या विवराच्या छायेची रेडिओ प्रतिमा १२ मे २०२२ रोजी प्रसिद्ध झाली. हे विवर कितीही लक्षवेधी असले, तरी आकाशगंगेच्या एकूण ताऱ्यांच्या द्रव्यमानाच्या दहा-हजारांश भागाएवढेही त्याचे द्रव्यमान नाही. ग्रहांचे द्रव्यमानही असेच उपेक्षणीय आहे, जरी सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीचे ५,००० हून अधिक ग्रह आता ज्ञात आहेत.

धूळ : विल्यम हर्शेल यांनी १७८५ मध्ये आकाशाच्या निरनिराळ्या दिशांतील तारे मोजून आकाशगंगेचा आराखडा काढला, तेव्हा सूर्य तिच्या मध्याजवळ असल्याचे त्यांना आढळले. याकोबस काप्टाइन यांनी १९२२ मध्ये पुष्कळ अधिक सामग्री वापरूनही जवळजवळ तेच उत्तर काढले. दाट धुक्यात मैदानात उभ्या असलेल्या माणसाला सर्व बाजूंना सारख्याच अंतरापर्यंत दिसते व त्यामुळे आपण मैदानाच्या मध्यभागी आहोत असे वाटते. या ज्योतिर्विदांची फसगत अशाच प्रकारची होती. हार्लो शॅप्ली यांनी १९१८ मध्ये गोलाकार तारकागुच्छांची अंतरे काढून आकाशगंगेचे केंद्र सूर्यापासून फार दूर, धनू राशीच्या दिशेस असल्याचे दाखविले. गोलाकार गुच्छ बहुतांशी तबकडीच्या वर व खाली असल्यामुळे ते या धुक्याबाहेर पडतात. पण धुक्याचे अस्तित्व शॅप्ली यांनाही मान्य नव्हते आणि मुख्यतः त्यामुळे व रूपविकारी ताऱ्यांच्या दीप्तीच्या चुकीच्या अंदाजामुळे त्यांनी काढलेले केंद्राचे अंतर खऱ्या अंतराच्या दुपटीहून अधिक आले.

निर्णायक पुरावा रॉबर्ट ट्रंप्लर यांनी १९३० मध्ये लिक वेधशाळेतून दिला. त्यांनी सु. १०० खुल्या तारकागुच्छांची अंतरे ताऱ्यांच्या तेजस्वितेवरून काढली. त्या अंतरांवरून गुच्छांचे खरे व्यास काढता, गुच्छ जितका दूर तितका तो आकाराने मोठा, असे विचित्र उत्तर येऊ लागले. सर्व दिशांना सूर्यापासून दूर जाताना गुच्छांनी मोठे होत जावे, याला काहीच कारण नव्हते. गुच्छांचा प्रकाश वाटेत कमी होत असला पाहिजे व त्यामुळे ते आहेत त्याहून दूर भासत असले पाहिजेत, हाच एक सरळ अर्थ उरत होता. दूरचे तारे अपेक्षेपेक्षा तांबूस दिसत असल्यामुळे प्रकाश अडविणारे कण प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुल्य इतके सूक्ष्म असले पाहिजेत, हेही स्पष्ट झाले. मावळता सूर्य तांबडा दिसण्यामागेही निळ्या प्रकाशाचे अधिक प्रकीर्णन (विखुरणे) हेच कारण असते. हंस तारकासमूहापासून धनू राशीकडे जाताना पट्टा मध्येच दुभंगलेला दिसतो. हर्शेल यांना अशा जागी आकाशात ‘भोके’ आहेत असे वाटले होते. एडवर्ड बार्नार्ड यांच्या छायाचित्रांमुळे व १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कृष्ण अभ्रिकांच्या यादीमुळे ही भोके नसून पुढे आलेले काळे मेघ आहेत, हे हळूहळू मान्य झाले.

धूलिकणांचा व्यास साधारणपणे एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) कमी असतो. ते सिलिकेटे व कार्बन यांचे बनलेले असून थंड मेघांत त्यांवर पाणी, कार्बन मोनॉक्साइड इत्यादींच्या बर्फाचा थर असतो. हे कण मुख्यत्वे वयस्क ताऱ्यांच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या थरांत तयार होतात. एकूण वायूच्या वजनाच्या केवळ एक टक्का असलेली ही धूळ परिणामाच्या दृष्टीने मात्र असाधारण आहे. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी सरासरी एकच पृथ्वीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच केंद्रभागाविषयीची बहुतेक माहिती अवरक्त, रेडिओ व क्ष-किरण तरंगांनी मिळविलेली आहे.

वायू : ताऱ्यांमधील वायूचा पहिला पुरावा विल्यम हगिन्झ यांना १८६४ मध्ये मिळाला. कालेय तारकासमूहातील एका अभ्रिकेच्या वर्णपटात ताऱ्यांसारखा अखंड पट्टा न दिसता त्यांना काही सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. अशा रेषा केवळ विरळ वायूपासून येतात. त्यांतील एक हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिण्यात आले. १९२७ मध्ये आयरा बोएन यांनी ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा असल्याचे दाखविल्यावर हे मूलद्रव्य नाहीसे झाले. परंतु तेजस्वी अभ्रिका हे अपवाद होते. सर्वत्र पसरलेल्या थंड वायूची पहिली खूण योहानेस हार्टमान यांना १९०४ मध्ये मृग नक्षत्रातील एका युग्मताऱ्याच्या वर्णपटात सापडली. तारा परिभ्रमणामुळे पुढे-मागे होत असता त्याच्या इतर रेषा सरकत होत्या. कॅल्शियमची एक रेषा मात्र जागची हलत नव्हती. ती ताऱ्याची नव्हे, वाटेतील वायूची होती.

हा वायू मुख्यतः हायड्रोजन असल्यामुळे व थंड हायड्रोजन दृश्य प्रकाश देत नसल्यामुळे त्याचे मोजमाप बराच काळ अशक्य होते. हेंड्रिक व्हान डी हूल्स्ट यांनी १९४४ मध्ये, नेदर्लंड्‌स जर्मनीच्या ताब्यात असताना, एक कल्पना मांडली. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांचे परिवलन (स्वतःभोवती फिरणे) एकाच दिशेचे असले, तर अणूची ऊर्जा किंचित अधिक असते. इलेक्ट्रॉनाची दिशा उलटली की, ही ऊर्जा २१ सेंमी. लांबीच्या रेडिओ तरंगाच्या रूपाने बाहेर पडते. एका अणूत हे आपोआप घडण्यास सरासरी १ कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. पण आकाशगंगेतील अणूंची संख्या इतकी अफाट आहे की, तरंग सतत मिळत राहतात. हॅरल्ड एवेन व एडवर्ड पर्सेल यांनी २५ मार्च १९५१ रोजी हार्व्हर्ड येथे हे तरंग प्रत्यक्ष पकडले व लवकरच नेदर्लंड्‌समध्ये त्याला दुजोरा मिळाला. रेडिओ तरंगांना धूळ अडवीत नाही. त्यामुळे तबकडीच्या पलीकडच्या कडेपर्यंतचा नकाशा प्रथमच काढता आला, सर्पिल भुजांचे माग दिसले आणि वायूची तबकडी ताऱ्यांच्या तबकडीच्या बरीच बाहेर पसरलेली व कडेला मुरडलेली असल्याचेही आढळले. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या, प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाच्या तरंगपट्ट्यांत या २१ सेंमी. रेषेचाही समावेश आहे.

मेघ अधिक दाट झाला की, धूलिकणांच्या पृष्ठभागांवर हायड्रोजनचे अणू जोडले जाऊन रेणू होतात. रेणुरूप हायड्रोजनही थंड स्थितीत जवळजवळ अदृश्यच असतो; जॉर्ज कारदर्स यांनी १९७० मध्ये अग्निबाणावरील उपकरणाने जंबुपार वर्णपटात तो प्रथम पाहिला. त्याच वर्षी कार्बन मोनॉक्साइडाचे रेडिओ तरंग सापडले व तेव्हापासून हा विषारी वायू रेणुमेघांचा मागमूस काढण्याचे मुख्य साधन बनला आहे. अमोनिया, पाणी, फॉर्माल्डिहाइड, एथिल अल्कोहॉल यांसह सु. ३०० प्रकारचे रेणू आतापर्यंत अवकाशात ओळखले गेले आहेत. नवे तारे याच मेघांत जन्मतात. आकाशगंगेत दरवर्षी सरासरी एक ते दोन सूर्यांइतक्या द्रव्याचे तारे तयार होतात.

आंतरतारकीय वायूची सरासरी घनता एका घन सेंमी.त सु. एक अणू इतकी आहे. (समुद्रसपाटीवरील हवेच्या एका घन सेंमी.त सु. अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात.) तापमानातील तफावत याहून उद्‌बोधक आहे. रेणुमेघांत ते निरपेक्ष शून्याच्या वर केवळ १० ते २० अंश असते. तेजस्वी अभ्रिकांत ते सु. १०,००० अंश भरते. आणि अतिदीप्त नवताऱ्यांच्या स्फोटांनी तापलेल्या अतिविरळ वायूत ते १० लाख अंशांपर्यंत जाते. अणुरूप हायड्रोजनचे द्रव्यमान सूर्याच्या सु. ८०० कोटी पट व रेणुरूप हायड्रोजनचे त्याच्या काही अंशाने असावे. याखेरीज संपूर्ण तबकडीला वेढणारे तप्त वायूचे एक अवाढव्य आवरण आहे. चंद्रशेखर यांचेच नाव दिलेल्या ‘चंद्रा’ या क्ष-किरण उपग्रहाच्या निरीक्षणांवरून अंजली गुप्ता, स्मिता माथुर व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले की, या आवरणातील वायूचे द्रव्यमान आकाशगंगेतील सर्व ताऱ्यांच्या द्रव्यमानाशी तुल्य असू शकेल. आवरण किती दूरवर पसरले आहे, यावर हा आकडा अवलंबून असल्यामुळे तो अद्याप वादग्रस्त आहे.

वायूबरोबरच सर्वत्र एक दुर्बळ चुंबकीय क्षेत्रही आहे. त्याची तीव्रता पृथ्वीच्या क्षेत्राच्या सु. लाखांश भागाइतकीच असते, तथापि विश्वकिरणांतील विद्युत् भारित कणांना आकाशगंगेत अडकवून ठेवण्यास ते पुरते.

अदीप्त द्रव्य : वरील सर्व घटकांची बेरीज सूर्याच्या सु. ६,००० कोटी पट द्रव्यमानाच्या आसपास येते. ही बेरीज तपासण्याचा एक स्वतंत्र मार्ग आहे. सूर्यमालेत बुध दर सेकंदास सु. ४७ किमी. वेगाने, तर नेपच्यून फक्त सु. ५.४ किमी. वेगाने फिरतो, कारण जवळजवळ सर्व द्रव्यमान सूर्यात एकवटलेले आहे व त्याची ओढ अंतराबरोबर क्षीण होते. आकाशगंगेतील द्रव्य जिथे प्रकाश आहे तिथेच असते, तर तबकडीच्या बाहेरच्या कडेचे तारे व वायू यांचे वेगही असेच उतरत जावयास हवे होते. प्रत्यक्षात केंद्रापासून सूर्याच्या दुप्पट अंतरावरही वेग जवळजवळ तितकाच राहतो. व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेबाबत व नंतर इतर अनेक सर्पिल दीर्घिकांबाबत हीच गोष्ट दाखवून दिली. चपट्या तबकडीला केवळ स्वतःच्या बळावर स्थिर राहता येणार नाही, तिच्याभोवती जड प्रभामंडल असले पाहिजे, असे जेरेमिआ ऑस्ट्रायकर व जेम्स पीबल्स यांनी १९७३ मध्ये गणिताने दाखविले. या न दिसणाऱ्या द्रव्याला अदीप्त किंवा कृष्ण द्रव्य म्हणतात. ‘कृष्ण’ हे विशेषण थोडे दिशाभूल करणारे आहे. काळा पदार्थ प्रकाश शोषतो, हे द्रव्य मात्र प्रकाशाला जाऊ देते.

अदीप्त द्रव्य प्रचंड घनफळात पसरलेले असल्यामुळे कोणत्याही एका ठिकाणी ते अत्यल्प असते. सूर्याच्या परिसरातील त्याची घनता एका घन सेंमी.मागे हायड्रोजन अणूच्या सु. एक-तृतीयांश वजनाइतकी आहे. त्या हिशेबाने पृथ्वीने व्यापलेल्या सर्व घनफळात कोणत्याही क्षणी ते अवघे अर्धा ते पाऊण किलोग्रॅम असेल. ग्रहांच्या गतीवर त्याचा परिणाम जाणवत नाही, याचे कारण हेच. ते कशाचे बनलेले आहे, याविषयी दोन प्रकारचे तर्क होते. एक तर्क मंद तारे, कृष्ण विवरे अशा सामान्य पण न दिसणाऱ्या वस्तूंचा. अशी वस्तू दूरच्या ताऱ्याच्या आड आली, तर तिच्या गुरुत्वाकर्षणाने त्या ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढतो. मॅगेलनी मेघांतील कोट्यवधी ताऱ्यांवर १९९० नंतर ठेवण्यात आलेल्या पाळतीत अशा घटना फारच थोड्या आढळल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निरीक्षणांवरून अशा वस्तूंचा वाटा अगदी लहान असल्याचे निश्चित झाले. दुसरा तर्क अज्ञात प्रकारच्या मूलकणांचा. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात व इटलीतील ग्रान सासो पर्वताखाली द्रवरूप झेनॉन भरलेल्या टाक्यांत अशा कणांचा शोध चालू आहे. त्यांचा निर्विवाद पुरावा अद्याप मिळालेला नाही. मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच बदल सुचविला होता. या मताने सर्पिल दीर्घिकांच्या वेगांचे स्पष्टीकरण चांगले होते, पण दीर्घिकांच्या गुच्छांचे समाधानकारक होत नाही. त्यामुळे ते अल्पमतात राहिले आहे.

अदीप्त द्रव्य एकूण किती, हा प्रश्नही वाटतो तितका सुटलेला नाही. गैया व हबल या उपग्रहांनी मोजलेल्या गोलाकार तारकागुच्छांच्या गतींवरून २०१९ मध्ये आकाशगंगेचे एकूण द्रव्यमान सूर्याच्या सु. दीड लाख कोटी पट काढण्यात आले. हे खरे मानल्यास दृश्य घटकांचा वाटा जेमतेम चार टक्के ठरतो. २०२३ मध्ये मात्र गैयाच्याच नव्या सामग्रीवरून संशोधकांच्या एका गटास तबकडीच्या कडेजवळ ताऱ्यांचे वेग, सूर्यमालेतील ग्रहांप्रमाणे, उतरताना आढळले व त्यांनी एकूण द्रव्यमान फक्त सु. २०,००० कोटी सूर्यांइतके काढले. त्या हिशेबाने दृश्य घटकांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास जातो. दोन्ही आकडे चोख मापनांवरून आलेले असून त्यांत सात-आठ पटींचा फरक आहे. पहिल्या पद्धतीत गुच्छांच्या कक्षांविषयी काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात, दुसरीत सु. ८०,००० प्रकाशवर्षांच्या आतील वेगांवरून बाहेरच्या द्रव्याचा अंदाज बांधावा लागतो आणि कडेच्या ताऱ्यांची अंतरे सर्वांत कमी भरवशाची असतात. बहुसंख्य ज्योतिर्विद आज मोठ्या आकड्याच्या बाजूने, एक लाख कोटी सूर्यांच्या आसपास आहेत. कारण मॅगेलनी मेघ व इतर उपदीर्घिका यांच्या वेगांचा मेळ लहान आकड्याशी घालणे अवघड जाते. गैयाने १५ जानेवारी २०२५ रोजी वेध घेणे थांबविले. सु. १८० कोटी ताऱ्यांच्या त्याने केलेल्या मापनांचे संस्करण पूर्ण होईल, तेव्हा कडेच्या ताऱ्यांची अंतरे आजच्यापेक्षा अधिक अचूकतेने उपलब्ध होतील.